अंदमानात पाण्याखालच्या छायाचित्रांच्या नावाने झालेली फसवणूक

अंदमानला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा प्रवास बहुतेक वेळा एकाच क्रमाने होतो. श्रीविजयपुरम, म्हणजे २०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर, येथे उतरल्यावर सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी पाहायची, मग फेरीबोटीने स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, तिथून शहीद द्वीप म्हणजे नील आणि पुन्हा श्रीविजयपुरम. हॉटेले आणि फेरीची तिकिटे आगाऊ काढलेली असल्यामुळे एका बेटावर राहून गेलेले काम पूर्ण करण्यासाठी मागे फिरता येत नाही. आम्हाला ज्या छायाचित्रकाराने फसवले, त्याने आमच्याकडून अगदी सुरुवातीलाच सर्व फेऱ्यांच्या वेळा विचारून घेतल्या होत्या. ‘तुमची सोय पाहून वेळ ठरवतो’ असे त्याने तेव्हा सांगितले होते.

धाकट्या भावाचे नुकतेच लग्न झाले होते आणि आम्ही सर्व कुटुंबीय सोबत गेलो होतो. हॅवलॉकच्या बाजारालगत त्या गृहस्थाचे टपरीवजा कार्यालय होते. सकाळी स्कूबा करताना पाण्याखालची छायाचित्रे, दुपारनंतर राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्ताची आणि दुसऱ्या दिवशी नीलच्या लक्ष्मणपूर किनाऱ्यावर ‘आमच्या मुलाकडून’ काढलेली, असे १४,००० रुपयांचे एकत्रित पॅकेज त्याने सांगितले. त्यातील ९,००० आगाऊ द्यायचे होते. टेबलावरच्या टॅबमधील नमुने अप्रतिम होते. लालभडक प्रवाळ, नारिंगी मासे आणि पाण्यातही खुलून दिसणारे त्वचेचे रंग. वास्तविक पाण्यात सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो, त्यामुळे काही मीटर खाली गेल्यावर कृत्रिम प्रकाश किंवा लाल फिल्टर नसेल तर सर्व काही निळसर-हिरवे दिसू लागते. आमच्यासोबत खाली आलेल्या माणसाच्या हातात केवळ एक छोटा ॲक्शन कॅमेरा होता, त्याला दिवाही नव्हता आणि फिल्टरही नव्हता.

राधानगरला मात्र त्याने खरोखरच मन लावून छायाचित्रे काढली, हे मान्य करायला हवे. अंदमान भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बरेच पूर्वेला असल्यामुळे तिथे हिवाळ्यात पाचच्या सुमारासच सूर्य मावळतो, आणि चार वाजताच आम्हाला किनाऱ्यावर बोलावण्यात त्याचे कसब दिसले. अंधार पडल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या मागच्या लहानशा पडद्यावर भराभर चित्रे सरकवून दाखवली आणि उरलेले ५,००० रुपये मागितले. तेवढ्याशा पडद्यावर कोणतेही छायाचित्र स्पष्टच दिसते, आणि पाण्याखालची तर त्याने दाखवलीच नाहीत. त्यांचे मेमरी कार्ड ‘दुकानातल्या संगणकाला लावले आहे’ असे उत्तर मिळाले. मूळ फाइली आताच आमच्या फोनवर उतरवून द्या, असे आम्ही म्हटल्यावर त्याने बेटावरील संथ इंटरनेटचे कारण पुढे केले. चेन्नईहून अंदमानला समुद्राखालची केबल २०२० साली आली असली तरी हॅवलॉकवर नेट अनेकदा रेंगाळते, हे आम्ही दोन दिवस अनुभवतच होतो, त्यामुळे ते कारण पटण्यासारखे होते. मात्र कार्डावरून फोनवर फाइली उतरवायला इंटरनेट लागतच नाही, एक साधा कार्ड रीडर पुरतो. खऱ्या अडचणीच्या आड खोटी अडचण लपवण्याची ही पद्धत मला त्या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत हुशार गोष्ट वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची नीलची फेरी होती आणि फेरीच्या बऱ्याच आधी धक्क्यावर हजर राहावे लागते, तर त्याचे दुकान दहा वाजता उघडणार होते. लक्ष्मणपूर किनाऱ्यावर कोणताही मुलगा आला नाही आणि फोन लागत नव्हता.

घरी परतल्यावर बऱ्याच दिवसांनी व्हॉट्सॲपवर छायाचित्रे आली. राधानगरची आमचीच होती, परंतु अत्यंत लहान आकारात आणि मधोमध भलामोठा लोगो छापून. लोगोविना हवी असल्यास प्रत्येकी १५० रुपये पडतील, असा सोबत निरोप होता. पाण्याखालच्या छायाचित्रांबाबतचा प्रकार याहून वाईट होता. स्कूबा करताना डोळे आणि नाक मास्कखाली जातात, तोंडात श्वसननळी असते, अंगावर भाड्याचा एकसारखा काळा पोशाख असतो, त्यामुळे छायाचित्रातील व्यक्ती कोण हे घरच्यांनाही चटकन ओळखता येत नाही. आमच्या नव्या वहिनींच्या हातांवर मात्र कोपरापर्यंत मेंदी होती आणि आलेल्या प्रत्येक छायाचित्रातील स्त्रीची बोटे व तळवे स्वच्छ होते. ती कोणा दुसऱ्याच जोडप्याची छायाचित्रे होती, आणि आमचीही अशीच कोणाला तरी विकली गेली असतील.

मूळ फाइलीत छायाचित्र कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी काढले याची नोंद असते. व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र म्हणून पाठवले की ही नोंद पुसली जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर टिकते. आम्ही डॉक्युमेंट म्हणून पाठवण्याचा आग्रह धरला, तेव्हा आमचा क्रमांक ब्लॉक करण्यात आला.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी शेवटचा हप्ता त्याच बेटावर, फाइली स्वतःच्या फोनवर उतरवून आणि काही मोठ्या करून पाहिल्यावरच द्यावा, आणि त्यासाठी कार्ड रीडर सोबत न्यावा. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी छायाचित्रण ठेवू नये. स्कूबाच्या वेळी मास्क चढवण्यापूर्वी चेहरा दाखवून तिथपासून पाण्यात उतरेपर्यंत अखंड चित्रीकरण करायला सांगावे. प्रामाणिक माणसाला त्याची अडचण वाटत नाही. कित्येक स्कूबा केंद्रे छायाचित्रे मूळ शुल्कातच देतात, ते आधी विचारून घ्यावे. यूपीआयने पैसे देताना पडद्यावर येणारे नाव दुकानाच्या पाटीशी जुळते का, तेही पाहावे. आमच्या व्यवहारात ते एका भलत्याच व्यक्तीचे होते, आणि विचारल्यावर ‘भावाचे खाते आहे’ असे सांगण्यात आले होते.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडेही दाद मागू शकतो, त्यासाठी अंदमानला परत जाण्याची गरज नाही, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. आम्ही तो अर्ज तयार करत आहोत. पावती कोणीच दिली नव्हती, त्यामुळे यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरील सर्व संभाषण आणि लग्नातले मेंदीचे छायाचित्र एवढीच कागदपत्रे सोबत जोडणार आहोत.