एक्स्टेंडेड वॉरंटी: पैसे नेमक्या कोणत्या वर्षांसाठी मोजता?

बिल होतानाच काउंटरवरून विचारणा होते, "दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी टाकू का?" तिथे विकला जातो तो एक करार: कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यावर पुढची काही वर्षं दुरुस्ती करून देण्याचा. त्यामुळे तो चांगला की वाईट हे कागद वाचूनच ठरतं.

आधी शब्दाबद्दल. गॅरंटी आणि वॉरंटी ही एकाच शब्दाची दोन रूपं आहेत. जुन्या फ्रेंचच्या उत्तरेकडच्या बोलीत 'व' टिकला, इतरत्र त्याचा 'ग' झाला आणि इंग्रजीने दोन्ही उचलले. 'वॉर्डन' आणि 'गार्डियन' ही जोडीही अशीच. आपण मात्र त्यांची वाटणी करून टाकली आहे: गॅरंटी म्हणजे वस्तू बदलून मिळणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून मिळणार. "तो वेळेवर येईल याची काही गॅरंटी नाही" असं म्हणतो, तिथे वॉरंटी कुणाच्या तोंडी येत नाही. बोलण्यात ही वाटणी ठीक आहे, कागदावर तिच्या भरवशावर राहू नका. मथळा काहीही असला, तरी आतल्या मजकुरात बरेचदा 'दुरुस्त करू किंवा बदलून देऊ' असं असतं आणि दोन्हीतलं काय ते कंपनी ठरवते.

सगळ्यात जास्त फसगत होते ती खोक्यावरच्या मोठ्या आकड्याने. फ्रिजवर '१० वर्षं' असतं, पण ती बहुधा फक्त कॉम्प्रेसरची. कॉम्प्रेसर फुकट मिळतो. गॅस भरणं, मजुरी आणि ने-आण यांचं बिल आपल्या नावावर. वॉशिंग मशीनच्या मोटरचंही तसंच. मोटर सहसा टिकते. आधी जातात ते सर्किट बोर्ड, ड्रेन पंप आणि दाराचं रबर, आणि ते त्या दहा वर्षांत धरलेले नसतात. म्हणून 'वॉरंटी किती' या प्रश्नाआधी 'वॉरंटी कशाची' हे विचारावं. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे लेखी वॉरंटीवर ती 'फुल' आहे की 'लिमिटेड' हे छापावं लागतं. हा एक शब्द बरंच काही सांगून जातो.

आता एक्स्टेंडेडकडे. वस्तू बिघडण्याचा आलेख न्हाणीच्या टबासारखा असतो. सुरुवातीला चढा, कारण कच्ची जोडणी किंवा सदोष सुटा भाग पहिल्या काही महिन्यांतच उघडा पडतो. मग बराच काळ सपाट. शेवटी झिजेमुळे पुन्हा वर. पहिला चढ कंपनीच्या मूळ वॉरंटीत निघून जातो. झिजेचा चढ बऱ्याच उपकरणांत एक्स्टेंडेड संपल्यावर येतो. म्हणजे जादा पैसे आपण मोजतो ते मधल्या सपाट भागासाठी. या सेवेवरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

हिशेब सोपा आहे. समजा एक्स्टेंडेडचा प्लॅन वस्तूच्या किमतीच्या १० टक्के आणि मोठी दुरुस्ती ३० टक्के. मग दर तीन वस्तूंपैकी एक त्या मुदतीत बिघडत असेल तरच बरोबरी होते. इतकी वाईट वस्तू असेल तर ती मुळात घेऊच नये. याला अपवाद आहेत. मोठ्या टीव्हीचं पॅनेल बदलायला जवळपास नव्या टीव्हीइतका खर्च येतो, तिथे प्लॅनचा विचार करावा. ज्या लॅपटॉपवर रोजचं काम चालतं, त्याला घरी येऊन दुरुस्ती देणारा प्लॅन घ्यावा. तिथे सुटे भाग जितके महत्त्वाचे तितकाच वाचलेला वेळ. मिक्सर, इस्त्री, इअरफोन यांच्यावर घेऊ नये.

घ्यायचाच ठरला तर मुदत कधी सुरू होते ते बघा. 'एकूण तीन वर्षं' यात मूळ एक वर्ष बरेचदा मोजलेलं असतं. प्लॅन उत्पादकाचा, दुकानाचा की तिसऱ्याच कंपनीचा, हे बिलावर वाचा. दुरुस्तीसाठी फोन कुणाला करायचा ते त्यावर ठरतं. भरपाईला कमाल मर्यादा किंवा दरवर्षी घसारा (जुनेपणामुळे किमतीत घट) लावला असेल, तर तिसऱ्या वर्षी हाती फार कमी येतं. आणि हातातून पडणं, पाणी जाणं यासाठी वेगळा प्लॅन असतो. साध्या एक्स्टेंडेडमध्ये ते धरत नाहीत.

दावा नाकारला जाण्याची कारणं ठरलेली आहेत: बाहेरच्या माणसाकडून उघडलेली वस्तू, खरवडलेला सीरियल नंबर, व्होल्टेजच्या चढउतारामुळे जळालेला बोर्ड, किड्यामुंग्यांनी केलेलं नुकसान. अनेक मोबाइलच्या आत पांढरी पट्टी असते, ती ओलाव्याने लाल होते. तंत्रज्ञ बहुधा तीच आधी बघतो.

मुदत संपायला आठवडा उरला असेल तर 'नंतर बघू' म्हणू नका. तक्रार त्याच दिवशी नोंदवा आणि नंबर घ्या, कारण पुढे वाद झाला तर तक्रारीची तारीखच कामी येते. जॉब शीटवर, म्हणजे दुरुस्तीला देताना भरतात त्या कागदावर, 'चेक करणे' असं मोघम लिहू देऊ नका. 'दहा मिनिटांनी बंद पडतो' असा नेमका बिघाड लिहून घ्या. बदललेल्या भागाला नवी वॉरंटी आहे की मूळ मुदतच पुढे चालणार, तेही तिथेच विचारा. थर्मल कागदावरचं बिल काही महिन्यांत पुसट होतं, तेव्हा खरेदीच्याच दिवशी बिलाचा आणि सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा.