जुन्या ट्रकची कॉइल तापतेय: ३ ओहमची घ्यावी की दीड ओहमची?

जुना पेट्रोल ट्रक अर्धा-पाऊण तास छान चालतो, मग मिसफायर करत बंद पडतो. वीस मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. इग्निशन कॉइलला (बॅटरीचं व्होल्टेज वाढवून स्पार्क प्लगला ठिणगी देणारा डबा) हात लावावा तर चटका बसतो. मग नवी कॉइल येते आणि थोड्याच दिवसांत तीही तशीच तापते. दोष बऱ्याचदा कॉइलमध्ये नसतोच, तिच्यातून जाणाऱ्या करंटमध्ये असतो.

गाडी बंद पडल्या पडल्या स्पार्क बघा. निळा आणि जोरदार असेल तर कॉइल सोडा. पेट्रोल लाइनमध्ये वाफ धरली असेल. पिवळट, मरतुकडा असेल तर कॉइल किंवा कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरवरचा छोटा कपॅसिटर). कंडेन्सरसुद्धा गरम झाल्यावरच दगा देतो, म्हणून आधी तो बदलून पाहा.

आता मल्टिमीटर. कॉइल थंड होऊ द्या, प्लस-मायनसच्या वायरी काढा आणि दोन्ही टर्मिनलमधला रेझिस्टन्स मोजा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्यावर जो आकडा येतो तो यातून वजा करा. इतक्या कमी ओहममध्ये तेवढ्यानेही फसगत होते. ३ च्या आसपास आलं तर कॉइल थेट १२ व्होल्टवर चालणारी. दीडच्या आसपास आलं तर तिच्या आधी बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट कमी करणारा वेगळा रेझिस्टर, हवाच.

माझ्या ट्रकमध्ये बॅलास्टच्या जागी स्क्रूची दोन भोकं आणि टेप गुंडाळलेली जोडवायर होती. कॉइल मात्र दीड ओहमचीच. चालत्या इंजिनला १४ व्होल्ट धरले तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) मिटलेले असताना ९ अँपियरच्या वर करंट, म्हणजे १३० वॅट उष्णता त्या एवढ्याशा डब्यात. पॉइंटही जळून काळे पडले होते.

तिथे ३ ओहमची कॉइल बसवली की करंट ४.७ अँपियरवर येतो आणि उष्णता ६५ वॅटवर. दीड ओहमची कॉइल दीड ओहमच्या बॅलास्टसह लावली तरी करंट तोच, पण निम्मी उष्णता बाहेर रेझिस्टरमध्ये जाते आणि कॉइलच्या वाट्याला ३३ वॅट उरतात. तापण्याचीच तक्रार असेल तर हा फरक मोठा आहे.

दुसरा फरक थंडीत कळतो. स्टार्टर फिरताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत उतरली, तर ३ ओहमच्या कॉइलला जेमतेम ३.३ अँपियर मिळतात. बॅलास्टच्या वायरिंगमध्ये स्टार्टरकडून एक बायपास वायर असते. ती तेवढ्यापुरता बॅलास्ट टाळते आणि कॉइलला ६.७ अँपियर देते.

बॅलास्टची खोड अशी, की तो तुटला तर इंजिन स्टार्टरवर पेटतं आणि चावी सोडताच बंद होतं. शिवाय तो स्वतः भाजण्याइतका तापतो, म्हणून वायरींपासून दूर, पत्र्यावर घट्ट बसवा. काही ट्रकमध्ये वेगळा ठोकळा नसतो, वायरिंगमध्येच रेझिस्टन्स वायर असते. ती साधी वायर समजून बदलली गेली की हाच घोळ सुरू होतो.

माझं मत: मूळ वायरिंग आणि बायपास शाबूत असेल तर दीड ओहमची कॉइल बॅलास्टसह ठेवा. ते सगळं कधीच काढून टाकलेलं असेल तर ३ ओहमची लावा आणि बॅलास्टच्या भानगडीत पडू नका. इलेक्ट्रॉनिक इग्निशनची एक ओहमच्याही खालची कॉइल पॉइंटवर अजिबात लावू नका.

बसवून झाल्यावर चावी ऑन, इंजिन बंद, पॉइंट मिटलेले. कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज बघा. ३ ओहमच्या कॉइलवर जवळजवळ बॅटरीइतकं दिसेल, बॅलास्टवाल्या कॉइलवर ६ ते ८. बॅलास्ट असूनही १२ दिसत असतील तर बायपास वायर कायम चालू आहे, आधी ती शोधा. आणि मोजणी झाली की चावी लगेच बंद करा. पॉइंट मिटलेल्या अवस्थेत चावी ऑन राहिली तर कॉइल तशीच तापत बसते.