रणभूमीच्या सहलींचा हंगामी पास : घ्यावा का?

दिवाळीनंतर ठाण्यातल्या एका सहल मंडळाचा रणभूमी-सहलींचा पास काढला होता. आता पावसाळा तोंडावर आलाय, हंगाम संपलाय, म्हणून लिहितोय. पैसे वसूल झाले, पण सगळ्याच सहलींत नाही. ठिकाणापेक्षा सोबत मार्गदर्शक कोण आहे, यावरच सगळं ठरतं.

उंबरखिंडीचंच बघा. खोपोली-पाली रस्त्यावरून चावणी गावाकडे वळायचं. शाइस्तेखानानं धाडलेला कारतलबखान कुरवंडे घाटानं कोकणात उतरला आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी महाराजांनी त्याला इथे कोंडला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिथले मार्गदर्शक दादा स्मारकापाशी भाषण ठोकत बसले नाहीत. अंबा नदीच्या कडेनं सगळ्यांना एकामागे एक चालायला लावलं. पुढचे झाडीआड दिसेनासे झाले तरी मागचे बसपाशीच चपला सावरत होते, आणि मागून हाका मारल्या तर पुढे कुणाला पत्ता नाही. "आता यात घोडे, तंबू, दाणागोटा घाला," एवढंच दादा म्हणाले. शरण जा, असं खानाच्याच फौजेतल्या रायबागन या बाई सरदारानं त्याला का सुचवलं, ते मग वेगळं सांगावं लागलं नाही. खंडणी भरून खान सुटला.

माझ्या मते सगळ्यांत भारी सहल वडगाव मावळची, आणि नेमकी तिलाच गर्दी कमी. राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज पनवेलवरून बोरघाट चढली होती. आपली बसही त्याच वाटेनं जाते, त्यामुळे गोष्ट कळंबोलीपासूनच सुरू होते. घाटात ट्रॅफिक तुंबलं तेव्हा मार्गदर्शक दादांनी ओझ्याचे बैल आणि तोफा चढवायला काय यातायात पडली असेल ते सांगितलं. एरवी घड्याळाकडे बघणारी मंडळी गप्प ऐकत होती. कार्ल्याजवळ ४ जानेवारी १७७९ ला कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून लक्षात ठेवलं. शत्रूच्या शौर्याला अशी दाद देणारे लोक होते, हे आजच्या घोषणाबाजीत जरा आठवावं. तळेगाव मराठ्यांनी आधीच जाळून ओस पाडलं होतं. ना दाणा, ना वैरण. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या आणि माघार घेतली, पण वडगावला महादजींनी गाठलंच. मोठी हाणामारी न दाखवताही लढाई समजते ती अशी.

याउलट वसई. मार्गदर्शक बदललेले, हातात माईक, बसमध्ये स्पीकर. चर्चच्या पडक्या कमानींखाली फोटोंत तासभर गेला, मग जेवण. चिमाजी अप्पांच्या फौजेनं १७३९ च्या मे महिन्यात पोर्तुगिजांच्या या किल्ल्याचा तट फोडला तो उत्तरेकडून, कारण बाकी बाजूंना पाणी आणि दलदल. तिथे आम्हाला नेलंच नाही. शेवटी सहलीतल्या एका काकांना घेऊन मीच तिकडे गेलो. एक सुरुंग उशिरा उडाला आणि वर चढणारे आपलेच लोक त्यात सापडले, हे काकांनी त्या तटाखाली उभं राहून सांगितलं. तो तट न दाखवणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसता मांडव बघून परतणं.

आणखी एक खटकलं. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३७ मध्येच ठाणं घेतलं होतं. १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेतून निसटले तेही याच ठाण्याच्या किल्ल्यातून. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, आत जाता येत नाही, हे मान्य. पण सहल मंडळ ठाण्याचं, निम्मी बस ठाणेकरांची, आणि त्यावर दोन वाक्यंही नाहीत?

सोयींचं थोडक्यात : तीन हात नाक्यावर सहाची वेळ म्हणजे पावणेसात धरा. नाश्ता चांगला असतो. चावणीला स्वच्छतागृहाची पंचाईत होते, बायकांनी खोपोलीतच उरकून घ्यावं. गुडघे दुखणाऱ्यांना वडगाव झेपेल, उंबरखिंडीत दगडगोट्यांतून चालावं लागतं.

पुढच्या हंगामाला पास घेणार नाही. सुटी तिकिटं मिळतात, ती काढताना फोनवर मार्गदर्शक कोण आहे ते आधी विचारून घ्या. नवी मुंबईकरांनी ठाण्यापर्यंत यायची गरज नाही, घाटाकडच्या सहलींची बस कळंबोलीला थांबते.