साठीनंतरची हलकी रायफल : स्प्रिंग, पीसीपी की पिस्तूल?

जळगाव-भुसावळ पट्ट्यात नेमबाजीची आवड जुनी आहे. वरणगाव-भुसावळच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, सैन्यातून परतलेले, घरात वडिलांच्या काळापासून परवान्याची दुनाळी असलेले असे बरेच जण साठीनंतर पुन्हा खेळाकडे वळतात. मागणी सगळ्यांची एकच असते, "हलकी दाखवा." कारणही एकच, "हात थरथरस आते, नेम कसा लागी?"

माझं मत आधीच सांगतो. उतारवयात रायफलचं एकूण वजन किती, यापेक्षा ते वजन शरीरापासून किती लांब आहे, याला जास्त महत्त्व आहे. साडेचार किलोची रायफल अंगाशी नीट बसली तर तीन किलोच्या, तोंडाशी जड असलेल्या रायफलपेक्षा कमी दमवते. स्प्रिंगची हवा-बंदूक, पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) आणि एअर पिस्तूल यांची पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

त्याआधी घरातल्या बारा बोअरच्या दुनाळीविषयी. तिची नळी कापून, दस्ता तासून ती हलकी करून घ्यावी असा विचार अनेकांच्या मनात येतो. नळी आखूड करायला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ खाली वेगळा परवाना लागतो. गावातल्या लोहाराकडून ती कापून घेणं हा सरळ गुन्हा आहे. दुसरी गोष्ट धक्क्याची. काडतूस तेच ठेवून बंदूक साडेतीन किलोवरून २.८ किलोवर आणली, तर खांद्यावर येणारी धक्क्याची ऊर्जा सुमारे २५ टक्क्यांनी वाढते. साठीतल्या खांद्याला हा सौदा परवडत नाही. शिवाय ती बंदूक न्यायची कुठे? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नंतर सातपुड्यातली शिकार बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती. यावल आणि अनेर धरण ही अभयारण्यं आपल्या उशाशी आहेत. केळीत-मक्यात घुसणाऱ्या रानडुकरांचा प्रश्न वन विभागाच्या परवानगीने सुटायचा, छर्ऱ्याच्या रायफलने नाही. इथे बोलणं चाललंय ते फक्त कागदी लक्ष्यावरच्या नेमबाजीचं.

२०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने) कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या रायफलबद्दलही विचारणा होते. तिला शस्त्र परवाना लागतो, गोळ्यांचा हिशोब ठेवावा लागतो आणि ५० मीटरची रेंज लागते. साठीनंतर नव्याने सुरुवात करणाऱ्याने तिच्यामागे लागू नये. हवा-बंदुकीची १० मीटरची नेमबाजी मात्र घराच्या गच्चीवर किंवा शेतातल्या गोदामातही जमते, लक्ष्यामागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी असली की झालं. ४.५ मिलिमीटरच्या मॅच रायफलचा अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगाने जातो, म्हणजे ऊर्जा जेमतेम ८ ज्यूल. परवाना लागतो तो २० ज्यूलच्या वर. ही विकत घेताना ओळखपत्र द्यावं लागतं, परवाना लागत नाही. त्याहून ताकदवान हवा-बंदूक दुकानदार आग्रहाने दाखवेल. १० मीटरसाठी तिचा काडीचाही उपयोग नाही.

स्प्रिंग की पीसीपी

स्प्रिंगची रायफल स्वस्त पडते. देशी बनावटीची काही हजारांत मिळते, तर आयात केलेली मॅच पीसीपी लाखांत जाते. स्प्रिंगवालीला हवा भरायची भानगड नाही, बाहेरची कसलीही यंत्रणा लागत नाही. वजनही बऱ्याचदा तीन किलोच्या आसपास असतं, त्यामुळे हातात घेताच माणूस खूश होतो. पण दर छर्ऱ्याला नळी बिजागरीवर खाली वाकवून स्प्रिंग दाबावी लागते, आणि सरावात असे छर्रे ६०-७० होतात. ज्यांचा खांदा आखडलाय किंवा मनगटात संधिवात आहे, त्यांचा सराव विसाव्या छर्ऱ्यालाच संपतो. चाप ओढल्यावर आतला जड पिस्टन पुढे धावतो, त्यामुळे रायफल आधी मागे आणि लगेच पुढे झटका देते. छर्रा अजून नळीतच असताना हे सगळं घडतं. म्हणून स्प्रिंगची रायफल प्रत्येक वेळी अगदी एकसारखी धरावी लागते, आणि ती जितकी हलकी तितका हा झटका नेम जास्त हलवतो. थरथरत्या हाताला हलकी स्प्रिंग रायफल देणं मला चुकीचं वाटतं.

पीसीपीत हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली असते, साधारण २०० बारला (बार हे दाबाचं माप). धक्का जवळजवळ नाही, छर्रा भरायचा खटका एका बोटाने मागे येतो, चाप हलका करता येतो. म्हातारपणाला यातली प्रत्येक गोष्ट सोयीची आहे. प्रश्न उरतो हवा भरण्याचा. हातपंपाने २०० बार गाठताना शेवटचे दाब अंगाचा सगळा भार टाकून मारावे लागतात. रक्तदाबाच्या माणसाने ते करूच नये. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर १० बारच्या आसपास थांबतो. तेव्हा गाडीच्या बॅटरीवर चालणारा उच्च दाबाचा छोटा कॉम्प्रेसर किंवा ३०० बारचा मोठा हवेचा सिलिंडर, यातलं एक खर्चात धरूनच चला.

इथे एक इशारा मनापासून. एमआयडीसीत वेल्डिंगचे ऑक्सिजन सिलिंडर सहज मिळतात, दाबही भरपूर असतो, आणि "त्यातूनच भर की" असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होतो. रायफलमध्ये फक्त हवा, दुसरं काही नाही.

आपल्याकडचा उन्हाळाही हिशोबात घ्या. २५ अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ५५ अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब २२० च्या घरात जातो. मे महिन्यात काठोकाठ भरू नका, गाडीत ठेवू नका. सिलिंडरवरची मुदत वाचा. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला कंपन्या बहुधा दहा वर्षं देतात, आणि जुनी रायफल स्वस्तात मिळते तेव्हा मुदत बहुतेक संपत आलेली असते.

पिस्तूल हलकं, पण कुणासाठी

एअर पिस्तूल एक किलोच्या आत-बाहेर असतं, नियमाने दीड किलोपर्यंत चालतं. रायफलची मर्यादा ५.५ किलो. आकडे पाहून अनेकजण पिस्तुलाकडे झुकतात. पण पिस्तूल एकाच हाताने, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं. माणसाचा हात शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचा साडेतीन किलो. तो आणि टोकाला लटकलेलं पिस्तूल, दोन्हींचा भार एकट्या खांद्यावर. सामन्यात हे किमान ६० वेळा. उभ्याने रायफल धरताना मात्र डावा कोपर बरगडी-कमरेवर टेकतो आणि वजन स्नायूंऐवजी हाडांवरून जमिनीत उतरतं. म्हणून खांदा दुखत असेल तर पिस्तूल नको. खांदा ठणठणीत आहे पण कंबर-मान वाकत नाही, अशांना पिस्तूल खरंच बरं पडतं, कारण त्यात ताठ उभं राहता येतं.

रायफल अंगाला बेतून घेणं

मी स्वतः पीसीपीच्या बाजूने आहे, आणि पैसा जास्त लावायचा तर तो बेतून घेण्यात लावावा. लांब स्टीलच्या सिलिंडरऐवजी आखूड ॲल्युमिनियमचा बसवला की तोंडाकडचं वजन उतरतं. छर्रे थोडे कमी निघतात, पण वर्षभर खांदा टिकतो. दस्त्याची लांबी कमी करून घ्या. वयानुसार मान आणि हात आखडतात, आणि विशीत बेतलेला दस्ता साठीत लांब पडतो. गालपट्टी उंच करता यायला हवी, म्हणजे डोकं खाली न वाकवता मागच्या साइटच्या भोकाशी डोळा येतो. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्याला एवढ्याने निम्मा आराम मिळतो. सागवानी दस्ता ओळखीच्या सुताराकडून घडवता येतो, दिसतोही देखणा, पण मापं बदलत राहणार असतील तर ॲल्युमिनियमचा सरकता दस्ताच बरा. हे सगळं करून रायफल चार-साडेचार किलोची राहिली तर घाबरू नका. थोडं वजन असलं की बारीक थरथर त्यात विरते.

डोळ्यांचं काम रायफलच्या आधी करा. चाळिशीनंतर जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्पष्ट दिसत नाही. आपल्याला पुढची माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) स्पष्ट हवी, लक्ष्य थोडं धूसर चालतं. लांबच्या नंबरात अधिक ०.५० च्या आसपास भर घालून नेमबाजीचा वेगळा चष्मा करतात. डॉक्टरांना डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर मोजून सांगा. बायफोकल रेंजवर नको. मागच्या साइटचं भोक लहान-मोठं करता येणारं घ्या, कारण वय झालेल्या डोळ्याला उजेड जास्त लागतो. आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली असेल तर रायफलची मागणी थांबवा. बसवलेली लेन्स एकाच अंतराला स्पष्ट दाखवते, म्हणून नेमाचा डोळा कोणता ते सर्जनला आधीच सांगा, महिना-दीड महिन्याने नवा नंबर घ्या, आणि मग गालपट्टी-दस्त्याची मापं काढायला बसा.