डच कोरसचं ४२ वं स्तोत्र: हळू, मेजरमध्ये, तरी आतून हलवणारं

गेले ३ दिवस हेडफोनवर हेच चालू आहे. नेदरलँड्समधला मोठा मिक्स कोरस, म्हणजे बायका-पुरुषांचा एकत्र गाणारा समूह, सोबत चर्चचा पाइप ऑर्गन आणि बायबलमधलं ४२ वं स्तोत्र. चाल जिनिव्हाची, १५५१ सालची, शब्द मात्र १७७३ च्या डच पद्यरूपातले, शिकारीतून निसटलेलं धापा टाकणारं हरीण पाण्यासाठी तळमळतंय तसा जीव देवासाठी तळमळतोय असे.

आधी टेम्पोबद्दल, म्हणजे लयीबद्दल सांगते. मूळ चालीत लांब आणि आखूड असे दोनच प्रकारचे सूर आहेत आणि त्यामुळे ती जरा डुलत चालते, पण इथे पहिलं कडवं जुन्या डच पद्धतीने म्हटलंय, म्हणजे सगळे सूर सारख्याच लांबीचे, एकेक सूर दीड-दोन सेकंद धरलेला, ओळ संपली की सगळे एकदम श्वास घेतात आणि तो श्वास चक्क ऐकू येतो! मला तिथेच भरून आलं.

हार्मोनियमवर लावून बघितलं तर एफ मेजर, म्हणजे आपल्या बिलावलचेच सूर. एवढी तळमळ आणि एकही सूर कोमल नाही, तरी दुःख पोचतंच, मला वाटतं ते सगळं त्या संथपणात आहे.

एकच तक्रार, दुसऱ्या कडव्यात ऑर्गन इतका चढवलाय की पुरुषांचे खालचे आवाज बुडतात. शेवटच्या कडव्यात मात्र सोप्रानोंची, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या बायकांची वेगळी चाल मूळ चालीच्या वरून जाते, ती शांत खोलीत ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर नको.