मोबाईलच्या मागं लावायची अँटी रेडिएशन चिप : विसराळूपणावर उपाय म्हणून विकत्यात, उघडून बघितली, हा रिव्ह्यू

सरळ सांगतो, घेऊ नका. मोबाईलच्या मागं चिकटवायची ती सोनेरी गोल चिप, रुपयाच्या नाण्याएवढी, तिला माझ्याकडनं पाचपैकी शून्य. ब्रँडचं नाव देत नाही, कारण वेगवेगळ्या नावाची पाकिटं बघितलीत आणि आत माल सारखाच निघतो. मी सांगलीत गावभागात मोबाईल रिपेअरिंग करतो, रोज फोन उघडायचं हेच काम, त्यामुळं ही चिप नुसती लावून नाही, सोलून आणि मीटर लावून बघितलीय. आणि एवढं लांबलचक लिहायचं कारण म्हणजे लोकं आता ही चिप विसरायला होतंय म्हणून घ्यायला लागलीत, घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी घ्यायला लागलीत, आणि पैशापेक्षा मोठं नुकसान तिथं होतंय.

आमच्या घरात ती आण्णांनी आणली. विश्रामबागला प्रदर्शन भरलं होतं, साड्या, लोणची, मसाजर असले स्टॉल असतात तसलं, त्यात एक स्टॉल ह्या चिपचा. आईचं विसरणं बरेच महिने वाढत चाललं होतं, दूध गॅसवर ठेवून शेजारी जायची, बोलता बोलता नेमका शब्द अडायचा, एकच गोष्ट परत परत विचारायची. आण्णांच्या डोक्यात पक्कं होतं की हे मोबाईलमुळंच होतंय, कारण आई रात्री अंथरुणात पडून मोबाईलवर सिरीयल बघते आणि फोन उशाशी ठेवून झोपते. स्टॉलवरच्या पोरानं तेच पक्कं केलं, लहरींनी मेंदूच्या पेशी जळतात काका, आठवण पुसली जाते, चिप लावा, महिन्याभरात फरक बघा. झालं, चार चिपांचा फॅमिली पॅक, चोवीसशे रुपये. पाकीट एकदम भारी, त्यावर मेंदूचं चित्र, क्वांटम, नॅनो, बायो एनर्जी असले शब्द आणि ९९ टक्के रेडिएशन कमी असा दावा. कुठल्या लॅबमध्ये तपासली, काय मोजलं, किती आलं, ह्याची एक ओळ नाही.

स्टॉलवर डेमो दोन दाखवतात. पहिला मीटरचा. छोटा मीटर फोनजवळ धरून कॉल लावतात, आकडा एकदम वर जातो, लाल दिवा लागतो, टुंई टुंई वाजतं, बघणारा घाबरतो. मग चिप लावतात आणि आकडा खाली येतो. आता ह्यातलं खरं काय ते सांगतो, फोन कॉल जोडताना सुरुवातीला जोर लावतो आणि टॉवरशी नीट जुळलं की ताकद आपोआप कमी करतो, बॅटरी वाचावी आणि बाकीच्या फोनना अडथळा होऊ नये म्हणून सगळ्याच फोनमध्ये ही सोय असते. म्हणजे चिप लावा नाहीतर नका लावू, आकडा उतरणारच आहे. मी एका ओळखीच्या इंजिनियरकडनं मीटर मागून आणला आणि चिप पार दुसऱ्या टेबलावर ठेवून कॉल लावला, आकडा तसाच उतरला. आण्णांना समोर बसवून दाखवलं.

दुसरा डेमो हाताचा. एका हातात फोन द्यायचा, दुसरा हात आडवा धरायला सांगायचा आणि वरनं दाबायचा, हात खाली जातो. मग चिप लावलेला फोन देऊन परत दाबतात, हात जागचा हलत नाही. हे सगळं दाबणाऱ्याच्या हातात आहे. मनगटाजवळ दाबलं की हात लगेच खाली येतो, कोपराजवळ तेवढ्याच जोरानं दाबलं तर येत नाही. घरात कुणावरपण करून बघा, फोन नसताना करून बघा.

आता आत काय आहे. एक चिप सोलली. वर सोनेरी छपाई, खाली प्लॅस्टिक, मधी पातळ धातूची पन्नी, मागं दोन्हीकडनं चिकटणारी टेप. चिप म्हणावं असं त्यात काहीच नाही, सर्किट नाही, कॉइल नाही. आणि लावायला सांगतात कुठं तर बॅक पॅनलच्या बरोबर मध्यावर, म्हणजे बॅटरीवर. सिग्नलचा अँटेना तिथं नसतोच की, बहुतेक फोनमध्ये मेन अँटेना खाली चार्जिंग पिनच्या आसपास आणि कडेच्या पट्टीत असतात. जिथनं लहरी निघतात तिथं चिप नाही, आणि जिथं चिप आहे तिथं बॅटरी.

सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे फोनचं बोलणंच त्या लहरींवर चालतं. खरंच ९९ टक्के अडवल्या तर कॉल लागायचे वांदे होतील. स्वयंपाकघरातल्या फॉइलमध्ये फोन घट्ट गुंडाळून त्यावर रिंग द्या, बहुतेक वेळा फोन बंद आहे नाहीतर कव्हरेजच्या बाहेर आहे असंच ऐकू येईल, अडवणं म्हणजे ते. ह्या चिपनं सेटिंगमधला सिग्नलचा आकडा आधी होता तेवढाच राहिला, कॉल तसाच लागला. आणि समजा एखाद्या जाड धातूच्या कव्हरनं थोडं अडवलं, तर फोन काय करणार, टॉवरपर्यंत पोचायला अजून जोर लावणार. अमेरिकेतलं फेडरल ट्रेड कमिशन म्हणजे तिथलं सरकारी ग्राहक खातं लोकांना हेच सांगतं, की असल्या शील्डमुळं उलट फोन जास्त लहरी सोडू शकतो, आणि त्यांनी २००२ सालीच असले पॅच विकणाऱ्या दोन कंपन्यांवर केस केली होती.

गळ्यात घालायचे क्वांटम पेंडंट तर अजून वाईट. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा खात्यानं फाइव्ह जीपासून वाचवणारी म्हणून विकली जाणारी दहा प्रॉडक्ट तपासली, पेंडंट होती, झोपताना डोळ्यावर लावायची पट्टी होती, लहान मुलांचं ब्रेसलेट होतं, आणि ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. सतत अंगावर ठेवली तर अपाय होऊ शकतो म्हणून वापरू नका, बाजूला ठेवून द्या असं त्यांनी जाहीर केलं. तसलं काही घरात असेल तर पोरांच्या गळ्यातनं आजच काढा.

मग मोबाईलनं मेंदूला काहीच होत नाही का, हा प्रश्न दुकानात रोज कोण ना कोण विचारतंच. एक्सरेच्या किरणांत पेशीतले बंध तोडायची ताकद असते, मोबाईलच्या लहरींत तेवढी नसते, त्या फारतर किंचित ऊब देतात, आणि बोलताना कान तापतो त्यातली बरीचशी ऊब बॅटरीची आणि हवा न लागल्याची असते. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं ह्या लहरी कदाचित कॅन्सर करू शकतील अशा गटात टाकल्या, त्याचाच कागद विकणारे दाखवतात, पण त्याच गटात पुढं कोरफडीच्या पूर्ण पानाचा अर्कपण गेलाय हे सांगत नाहीत. नंतर त्याच आरोग्य संघटनेनं करून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये आला, ६३ अभ्यास एकत्र तपासले, आणि मोबाईल वापरण्याचा आणि मेंदूच्या कॅन्सरचा संबंध दिसला नाही, दहा दहा वर्षं वापरणाऱ्यांतसुद्धा नाही. २०११ मध्येच अमेरिकेत ४७ माणसांच्या कानाला ५० मिनिटं चालू फोन लावून मेंदूचं स्कॅन केलं होतं, अँटेनाजवळच्या भागात मेंदू इंधन म्हणून वापरतो त्या साखरेचा वापर साधारण ७ टक्के वाढलेला दिसला. म्हणजे मेंदूला काहीतरी जाणवतं, पण त्यानं आठवण जाते असं त्यात कुठं आलेलं नाही, आणि विकणारे मात्र हाच अभ्यास पुढं करून पेशी जळतात म्हणून सांगतात.

आठवणीवर मोबाईलचा परिणाम होतो हे मी मान्य करतो, पण तो लहरींचा नाही, वापरण्याचा आहे. आठवण आत जायला आधी लक्ष लागतं, आणि ती मुरायला झोप लागते, फोन ह्या दोन्हींवर घाव घालतो. २०१७ मध्ये अमेरिकेत टेक्सासला सुमारे ८०० जणांवर प्रयोग झाला, फोन टेबलावर, खिशात किंवा बॅगेत, नाहीतर दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला, दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी डोक्याची कामं सगळ्यात चांगली केली. नंतर तोच प्रयोग परत केल्यावर सगळ्यांना तेवढा फरक मिळाला नाही हेपण सांगतो, नुसती सोयीची बाजू सांगायला मी काय स्टॉल लावलेला नाही. २०१४ चा एक अभ्यास मला लय पटतो, म्युझियममधल्या ज्या वस्तूंचे लोकांनी फोटो काढले त्या त्यांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त आठवल्या. आपल्या गणपतीत बघा, संस्थानची मिरवणूक समोरनं जात असते आणि हजार हात वर, प्रत्येकात मोबाईल.

आणि झोप. माझ्या आईचा एक मुद्दा तिथंपण होता. चिप लावल्यावर घरात सगळे निवांत झाले, उपाय केलाय, महिनाभर थांबूया. महिना गेला, विसरणं तेवढंच. बहिणीनं मग आईला मिरजेला डॉक्टर मॅडमकडं नेलं. त्यांनी मोबाईलचं विचारलं, पण कशासाठी तर रात्री झोपता कधी ह्यासाठी. मग बी१२ व्हिटॅमिन तपासायला लावलं, थायरॉईड, शुगर, बीपी, कान तपासायला लावले. बी१२ बरंच कमी आलं. आई शुद्ध शाकाहारी, दुधाचंपण प्रमाण कमीच, आणि बी१२ कमी असलं की विसरायला होतं, हातापायाला मुंग्या येतात, मुंग्यांचं ती सांगत होती पण आम्ही कुणी ते विसरण्याशी जोडलं नव्हतं. एका कानानं ऐकू कमी येतंय हेपण निघालं. मॅडम म्हणाल्या, अर्धी गोष्ट त्यांना ऐकूच आलेली नसते आणि तुम्ही म्हणता विसरल्या.

त्यांनीच लॅन्सेट कमिशनच्या, म्हणजे लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या तज्ज्ञांच्या, २०२४ च्या रिपोर्टचं सांगितलं. त्यात डिमेन्शियाची, म्हणजे आठवण आणि बुद्धी ढासळत जाण्याच्या आजाराची, १४ कारणं अशी दिलीत की ज्यांच्यावर काहीतरी करता येतं, सगळी हाताळली तर ४५ टक्क्यांच्या आसपास केसेस टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा अंदाज आहे. कमी ऐकू येणं, वाढलेलं बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू सिगरेट, दारू, डोक्याला मार, बसून राहणं, एकटेपणा, डिप्रेशन, नजर अधू होऊन उपचार न होणं, हवेतलं प्रदूषण, हे सगळं त्यात आहे. मोबाईलच्या लहरी त्यात नाहीत. उलट २०२५ मध्ये ५७ अभ्यासांचा, पन्नाशीच्या पुढच्या चार लाखांवर लोकांचा आढावा आला, त्यात मोबाईल कॉम्प्युटर वापरणाऱ्यांत बुद्धी कमी होण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी दिसला. वापरल्यामुळंच कमी झाला असं त्यावरनं सिद्ध होत नाही, तल्लख माणूसच जास्त वापरत असेल, पण म्हाताऱ्या माणसाच्या हातातनं फोन हिसकावून घ्यावा असं तरी त्यात काही नाही. माझी आई इचलकरंजीच्या मावशीशी रोज व्हिडिओ कॉलवर बोलते, तेवढंच तिचं घराबाहेरचं बोलणं, ते कसं बंद करणार.

आता इंजेक्शनं झाली, गोळ्या चालू आहेत, फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला असतो, उशाशी साधं घड्याळ ठेवलंय. कानाच्या मशीनला ती अजून तयार नाही, त्यावर घरात रोज वाद चालू आहेत. झोप सुधारलीय, मुंग्या कमी झाल्यात, शब्द अडायचं बरंच कमी झालंय. अजून विसरते, पण पहिल्यासारखं नाही. चिप बदलून न देता, पैसे परत न देता तो स्टॉल प्रदर्शनाबरोबर गेला, पाकिटावरचा नंबर लागत नाही. चोवीसशे गेले त्याचं एवढं नाही, मधले महिने गेले त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण बी१२ बरेच दिवस कमी राहिलं तर नसांचं झालेलं नुकसान सगळं भरून येईलच असं नाही असं मॅडम म्हणाल्या.

तरीपण ज्यांना लहरींची भीती वाटतेच त्यांच्यासाठी, फुकटात होणाऱ्या गोष्टी आहेत. *#०७# डायल करा, बहुतेक फोन स्वतःची सार व्हॅल्यू, म्हणजे लहरींची किती ऊर्जा अंगात मुरते तो आकडा, दाखवतात, भारतात १ सप्टेंबर २०१२ पासनं मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे. लांब बोलायचं असेल तर स्पीकर किंवा वायरचा इअरफोन, फोन डोक्यापासनं थोडा जरी लांब गेला तरी लहरी झपाट्यानं कमी होतात. रेंज कमी असेल तिथं फोन जास्त जोर लावतो, शिराळ्याच्या पुढं चांदोलीकडं गेलात आणि एकच दांडी दिसत असली तर तेवढ्यापुरतं बोलणं आवरतं घ्या. घराशेजारच्या टॉवरची काळजी असेल तर केंद्र सरकारचं तरंग संचार पोर्टल आहे, तिथं टॉवरची माहिती बघता येते.

ज्यांनी चिप आधीच लावलीय त्यांनी ती नखानं किंवा चाकूनं खरवडू नका, बरोबर खाली बॅटरी आहे, काचेचा बॅक असेल तर तडकतो. वायरलेस चार्जिंगचा फोन असेल तर मात्र लवकर काढा, धातूची पन्नी मधी आल्यानं फोन चार्जिंगला जास्त तापतो. कुठल्याही रिपेअरिंगवाल्याकडं न्या, जरा ऊब देऊन टेप मऊ केली की दोन मिनिटांत निघते, माझ्याकडं आणलीत तर त्याचे पैसे मी घेत नाही.