सही शुद्धीतली की आयसीयूच्या दारातली?

दोन वर्षांत आमच्या घरात दोन मरणं झाली. मोठी आत्या छत्रपती संभाजीनगरच्या एका खाजगी दवाखान्यात अकरा दिवस व्हेंटिलेटरवर राहून गेली. काका परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात, ओसरीवरच्या बाजेवर गेले. तेव्हापासून नात्यातलं कुणी ना कुणी विचारतं, "आमच्या आबांचंही तसंच चाललंय, काय करावं?" एकदोघं आवाज बारीक करून विचारतात, "ते इच्छामरण आपल्याकडं मिळतं का?"

तर आधी तेच बघू. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात १९९७ पासून कायदा आहे. सहा महिन्यांच्या आत मरण येईल असं दोन डॉक्टर म्हणाले आणि माणूस शुद्धीत असला, तर डॉक्टर औषध लिहून देतो. घ्यायचं की नाही ते रुग्णानं ठरवायचं आणि स्वतःच घ्यायचं. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून डॉक्टर स्वतः इंजेक्शनही देऊ शकतो. भारतात यातलं काहीच चालत नाही, डॉक्टरनं केलं तर गुन्हा होतो.

ओरेगनच्या वार्षिक अहवालांतली एक गोष्ट माझ्या मनात बसली आहे. ही वाट धरणाऱ्यांची पहिली तक्रार दुखण्याची नसते. माझं काहीच माझ्या हातात राहिलं नाही, ही असते. आणि औषध लिहून घेतलेले बरेच जण ते शेवटपर्यंत घेतच नाहीत. हा कायदा इथं यावा का? मला तरी भीती वाटते. जिथं नापिकी आणि कर्जापायी माणसं जीव देतात, तिथं म्हातारा बाप "मला मोकळं करा रे" म्हणाला, तर त्यात दुखणं किती आणि बिलाची धास्ती किती, हे निवडून कोण काढणार?

काही जण कुंथलगिरीचं उदाहरण देतात. आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं हे जैनांचं तीर्थक्षेत्र. १९५५ साली जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथं सल्लेखना घेऊन, म्हणजे अन्नपाणी हळूहळू सोडण्याचं व्रत घेऊन, देह ठेवला. राजस्थान उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१५ मध्ये हे व्रत आत्महत्येच्या रांगेत बसवलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. पण ते व्रत आहे, त्यामागं आयुष्यभराची साधना असते. कॅन्सर झालेल्या माणसापुढं पर्याय म्हणून ते मांडता येत नाही.

मग हाताशी उरतं काय?

एक, शेवटपर्यंत आयसीयू. सर्पदंश, अपघात, न्यूमोनिया, यांत व्हेंटिलेटर माणूस परत आणतो. तिथं मागं हटू नका. आत्याचं तसं नव्हतं. कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. नळी ओढू नये म्हणून तिचे दोन्ही हात पट्टीनं कॉटला बांधलेले. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं भेट. तिच्या बांगड्या कापून काढल्या होत्या, त्या नर्सनं कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. आम्ही रोज डॉक्टरांना एकच विचारायचो, "वाचेल ना?" उत्तरही एकच, "प्रयत्न चालू आहेत." विचारायला हवं होतं ते असं: मशीन काढल्यावर ती स्वतःहून श्वास घेईल अशी आशा आहे का, आणि ते किती दिवसांत कळेल?

दोन, सही करून घरी नेणं. आपल्याकडं सर्रास होतं ते हेच. पैसे संपतात, किंवा घरची माती मिळावी असं वाटतं. कागदावर लिहिलेलं असतं की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत. मग अँब्युलन्समध्ये एक पोरगा गावापर्यंत हातानं श्वास द्यायचा फुगा दाबत बसतो. माझा या वाटेवर राग आहे, तो घरी आणण्यावर नाही. दुखलं तर काय द्यायचं, धाप लागली तर काय करायचं, हे त्या कागदासोबत कुणीच सांगत नाही. शिवाय लोकांना वाटतं की कायद्यानं व्हेंटिलेटर काढणं म्हणजे हेच. ते वेगळं आहे.

तीन, आधीच लिहून ठेवणं. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं उपचार थांबवण्याला पहिल्यांदा वाट दिली. मार्च २०१८ मध्ये सन्मानानं मरणं हा जगण्याच्याच हक्काचा भाग ठरला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे पुढं कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या कागदाला, मान्यता मिळाली. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर सही लागायची, त्यामुळं कुणी वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीनं कोण बोलेल त्याचं नाव त्यात घालायचं. मन बदललं तर कधीही रद्द करता येतं.

वेळ आली की, उपचार थांबवायचे का हे ठरवायला दवाखान्यात आधी एक मंडळ बसतं: उपचार करणारा डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ. मग तिघांचंच दुसरं मंडळ, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला. प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. कागद नसला तरी नातेवाइकांच्या संमतीनं हाच मार्ग मोकळा आहे, पण मग भांडण घरात लागतं. आत्याच्या वेळी आम्ही दवाखान्याच्या जिन्यात दोन तास भांडलो. रोज दवाखान्यात थांबणारी तिची मुलगी म्हणत होती बास करा. आदल्या रात्री पुण्याहून आलेला मुलगा म्हणत होता पैसे मी देतो.

अडचण उघड आहे. पाच-पाच वर्षं अनुभवाचे एवढे तज्ज्ञ तालुक्याला कुठून जमायचे? संभाजीनगर, नांदेड, लातूर, अंबाजोगाईसारख्या ठिकाणीच ते शक्य. मात्र शुद्धीतला सज्ञान माणूस स्वतःच्या तोंडानं "मला व्हेंटिलेटर नको" म्हणाला, तर त्याला कुठलंच मंडळ लागत नाही.

काकांनी तेच केलं. तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेला. डॉक्टरांनी हात टेकल्यावर त्यांनी मुलांना समोर बसवून सांगितलं, "आता नळ्या नकोत. दुखू देऊ नका, एवढंच बघा." मॉर्फिनच्या गोळ्या दर चार तासांनी. २०१४ साली अंमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी सैल झाला तरी तालुक्याच्या मेडिकलवर त्या मिळत नाहीत, शहरातून आणाव्या लागायच्या. "सवय लागेल" म्हणून काकूनं आधी दोन गोळ्या लपवून ठेवल्या. त्या रात्री काका भिंतीला डोकं लावून बसून होते. पुन्हा तिनं तसं केलं नाही. पोट साफ व्हायचं औषध सोबत लागतं, हे आम्हाला उशिरा कळलं.

घरचं मरण फुकट नसतं, हेही सांगतो. काकूची तीन महिने झोप गेली. चुलत भावाची सोयाबीनची काढणी शेजाऱ्यांनी केली. घरात असं बसणारं कुणी नसेल, तर दवाखानाच बरा. फक्त तिथं सांगून ठेवा की आयसीयूत न्यायचं नाही.

माझा कागद मी मागच्या पावसाळ्यात केला. नोटरी म्हणाले, "मृत्युपत्र का? मिळकत कोणती लिहायची?" सगळं समजावून सांगेस्तोवर चहा गार झाला. स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडं एक प्रत द्यायची असते; एका कार्यालयात ती घेऊन गेलो तर बाबूनं आवक शिक्का कुठं मारायचा हेच शोधण्यात अर्धा तास घालवला. दुसरी प्रत घरात सातबाऱ्याच्या फायलीत, सगळ्यात वर. बायकोनं वाचली आणि विचारलं, "माझी कधी करायची?" पुढच्या बाजारच्या दिवशी परत जातोय, साक्षीदार म्हणून काकू येणार आहे.